चिकलठाण्याहून टोरांटो

आमच्या संभाजीनगरहून परदेशी निघालेल्या माणसाला सगळ्यात अवघड जातो तो पहिला, सगळ्यात छोटा टप्पा. चिकलठाण्याहून दिल्ली, मुंबई, हैदराबाद, बंगळूर अशा मोजक्या शहरांना दिवसाकाठी मोजकीच विमानं सुटतात. मुंबईच्या माणसाचं एक विमान हुकलं तर त्याला दोन तासांनी दुसरं मिळतं. आम्हाला पुष्कळदा दुसरा दिवस उजाडायची वाट बघावी लागते. गेल्या जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी मी एकटीच टोरांटोला निघाले, आणि हे सगळं अंगावरून गेलं.

आमचे हे गुडघ्यांमुळे इतका वेळ बसू शकत नाहीत, म्हणून एकटीनं जायचं ठरलं. संध्याकाळी चिकलठाणा, रात्री दिल्ली, पहाटे तीनच्या सुमाराला फ्रँकफुर्टचं विमान आणि तिथून दुपारी टोरांटो. लेकीनं एकच हट्ट धरला होता: तिन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवीत, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. बाळंतपणाच्या तारखेच्या तोंडावर जायचं नाही, हाती चांगले दोन आठवडे ठेवायचे, हे मी ठरवलं होतं. या दोन गोष्टींनीच पुढं मला सावरलं.

चिकलठाण्याला बॅगेवर पट्टी लागली, तिच्यावर वायवायझेड ही टोरांटोची अक्षरं होती. म्हणजे बॅग आता थेट तिकडेच हातात येणार. सुरक्षा तपासणी आटोपून बसले आणि फलकावर आमच्या विमानापुढं ‘उशीर’ आलं. बाहेर स्वच्छ ऊन होतं. ‘इथं कुठंय धुकं? काहीतरी सांगतात!’ असं एक गृहस्थ तावातावानं म्हणू लागले. त्यांचा राग मला समजत होता, पण धुकं इथं असण्याची गरजच नव्हती. जे विमान आम्हाला दिल्लीला नेणार होतं, तेच आधी दिल्लीहून इकडं यायचं होतं. एक विमान दिवसभरात चार-पाच शहरं फिरतं. दिल्लीला पहाटे धुक्यात ते अडकलं की पुढच्या प्रत्येक फेरीला तो उशीर चिकटतो आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातो. दिल्लीच्या विमानतळावर दाट धुक्यात उतरण्याची यंत्रणा आहे. समोरचं ५० मीटरपर्यंतच दिसत असलं तरी विमान उतरू शकतं, मात्र विमानात तशी उपकरणं हवीत आणि वैमानिकही त्यासाठी प्रशिक्षित हवा. उड्डाणाला तर १२५ मीटर तरी दिसावं लागतं. म्हणून कित्येकदा विमानं उतरतात, पण उठत नाहीत, आणि उभं करायला जागा उरत नाही.

धुक्यात विमान थांबवलं म्हणून मी कधी कुणावर ओरडणार नाही. आमच्या शहरातल्या माझ्या वयाच्या माणसांना २६ एप्रिल १९९३ चा दिवस आठवतो. मुंबईला निघालेलं विमान उड्डाण करताना धावपट्टीच्या टोकाजवळच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं, पुढं विजेच्या तारांत सापडलं. ५५ माणसं गेली. त्या दिवसांत शहरात दुसरा विषय नव्हता. जमिनीवर बसून घालवलेले चार तास मला त्यापुढं काहीच वाटत नाहीत.

राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. काउंटरवरची मुलगी दर वेळी ‘अजून अर्धा तास’ एवढंच सांगत होती. अर्ध्या तासाचे चार तास झाले. दिल्लीहून विमान निघालं की नाही, हे तिलाही कुणी सांगत नसावं. जानेवारी २०२४ मध्ये धुक्यानं देशभर असाच गोंधळ माजला, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपन्यांना स्पष्ट बजावलं होतं: उशिराची खरी, ताजी माहिती प्रवाशांना मोबाइलवर आणि संकेतस्थळावर द्या, आणि तीन तासांहून जास्त उशीर दिसत असेल तर वेळीच उड्डाण रद्द केलं तरी चालेल. कागदावर हे उत्तम आहे, पण त्या दिवशी आम्हाला ते दिसलं नाही. ज्याला पुढचं विमान गाठायचंय त्याला खरी वेळ आधी कळली, तर तो निदान फोन तरी करू शकतो.

माझ्या शेजारी अंबडकडच्या एक मावशी बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट. मुलाकडं ह्यूस्टनला निघालेल्या, त्याही एकट्या. व्हीलचेअर सांगितलेली होती. चालता येतं, पण ‘खुर्ची ढकलणारा पोरगा बरोबर राहिला तर चुकायचं भ्या न्हाई’ म्हणून. आपल्याकडची कितीतरी वयस्कर माणसं याच कारणानं व्हीलचेअर मागतात, आणि ते मला अगदी योग्य वाटतं. माझ्याजवळ धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्यांच्याजवळ दशम्या. दोघींनी डबे उघडले.

बोलता बोलता त्यांचे कागद पाहिले आणि पोटात गोळा आला. दिल्लीपर्यंतचं तिकीट वेगळं होतं, पुढचं वेगळं. मुलानं तिकडं बसून स्वस्त पडेल तसं काढलेलं. दोन तिकिटं वेगळी असली की दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं पहिला उशीर हा तुमचा खाजगी मामला असतो. तुम्ही वेळेवर पोचला नाहीत एवढंच तिला दिसतं. दिल्लीला बॅगही स्वतः उचलून पुन्हा रांगेत उभं राहून द्यायची. मावशींचं पुढचं विमान रात्री अकराचं होतं. आम्ही दिल्लीत उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

काउंटरवरच्या माणसानं इंग्रजीत, मग भराभर हिंदीत काहीतरी सांगितलं. मावशी माझ्याकडं वळल्या. ‘बाई, हा काय म्हणायलाय, मला काई समजना.’

‘मावशी, विमान गेलंय. दुसरं तिकीट काढावं लागेल. आधी मुलाला फोन लावू या.’

त्या रडल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘लावा.’ मुलाला मी सगळं सांगितलं. त्यानं तिकडून नवं तिकीट काढलं, दोन दिवसांनंतरचं, आणि गुरगावातल्या मित्राला पाठवलं. तो मुलगा धुक्यातून गाडी हाकत आला, मावशींच्या पाया पडला, तेव्हा कुठं मी तिथून हलले. देशातल्या सगळ्यात वर्दळीच्या विमानतळावर हिवाळ्याच्या रात्री मराठी, तेलुगू, तमीळ बोलणारा एक-एक माणूस मदतीला बसवणं अशक्य आहे का? आमच्यासारख्या कितीतरी आईबापांना त्याची गरज असते.

ज्या धुक्यानं मावशींचं विमान हिरावलं, त्यानंच माझं राखलं. माझं पहाटेचं विमान अजून सुटलं नव्हतं. रात्रभर टर्मिनल तीनवर बसून, साडेनऊच्या सुमारास आम्ही निघालो. काचेबाहेर शेजारच्या विमानाचं शेपूटही दिसत नव्हतं, मग हळूहळू दिसू लागलं.

फ्रँकफुर्टला दुपारी दोनला पोचले. टोरांटोचं विमान गेलं होतं. संध्याकाळच्या विमानात जागा नव्हती. पण इथं एका तिकिटाचा खरा अर्थ कळला. कुणाशीही वाद घालावा लागला नाही. दुसऱ्या दिवशीचा बोर्डिंग पास आणि जेवणाची कुपनं हातात आली. युरोपीय संघात २००४ चा एक नियम आहे. धुकं-वादळासारख्या कारणानं उशीर झाला तर भरपाईचे पैसे देणं कंपनीवर बंधनकारक नसतं, पण प्रवाशाच्या खाण्याची आणि राहण्याची सोय तिलाच करावी लागते.

राहण्याची सोय मात्र मला घेता आली नाही. हॉटेल विमानतळाबाहेर, आणि बाहेर जायला शेंगेन व्हिसा हवा. माझ्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा होता, त्याच्या बळावर नुसतं विमान बदलता येत होतं, दारातून बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. शेजारी ज्यांचा पासपोर्ट जर्मन किंवा कॅनडाचा होता ती माणसं कुपन घेऊन झोपायला निघून गेली. आम्ही भारतीय, घानाचं एक कुटुंब आणि दोन बांगलादेशी विद्यार्थी आत राहिलो. कुणी आमच्याशी वाईट वागलं नाही. कर्मचाऱ्यांनी घडीच्या खाटा मांडल्या, पातळ ब्लँकेटं दिली. तरीही, एकाच विमानातून उतरलेल्यांतल्या कुणाला पलंग आणि कुणाला खाट हे पासपोर्टाच्या रंगावर ठरतं, हे त्या रात्री मला फार लागलं.

फ्रँकफुर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच विमानांची नियमित ये-जा बंद असते. आजूबाजूच्या गावांतल्या लोकांच्या झोपेसाठी २०११ पासून तशी बंदी आहे. दिवसभर घोषणांनी भरलेली ती जागा अकरानंतर शांत झाली. घानाच्या कुटुंबातलं तान्हं बाळ किरकिरत होतं. त्याच्या आईनं माझ्याकडं पाहिलं, मी हात पुढं केले. तासभर त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या. ती बिचारी तेवढा वेळ झोपली.

टोरांटोला मी पोचले, पण बॅग पोचली नव्हती. पट्ट्यावरून सगळं सामान फिरून गेलं, मग काउंटरवर तक्रारीचा कागद भरला, पट्टीचा तुकडा जपून ठेवला होता तो दाखवला. बॅग नंतर घरपोच आली, डिंक, खारीक, बाळंतशेपा सगळं जागच्या जागी. नात पुढं पंधरवड्यानं झाली.

आता ओळखीचं कुणी हिवाळ्यात निघणार असलं की मी न विचारताच बोलते. दिल्लीमार्गे जायचं असेल तर आदल्या दिवशी दिल्ली गाठा. त्याहून बरं म्हणजे डिसेंबर-जानेवारीत मुंबईहून जा. तिथं असलं धुकं नसतं, समृद्धी महामार्गानं गाडी जाते, आणि वंदे भारत, जी ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून सुरू झाली आणि आता नांदेडहून येते, तीही आहे. एक रात्र मुंबईत नातेवाइकांकडं काढली तर काही बिघडत नाही. बॅगेच्या पट्टीचा तुकडा, औषधं आणि एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीत. मुलाचा नंबर मोबाइलमध्ये असतोच, तो कागदावरही लिहून ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी संपते.

अंबडच्या मावशींचा फोन येत असतो. पुढच्या डिसेंबरात त्यांना पुन्हा जायचंय. या वेळी तिकीट काढायच्या आधी मुलानंच मला फोन केला, आणि आम्ही तिघांनी मिळून ठरवलं: मुंबईहून, एकाच तिकिटावर, आणि आदली रात्र मावशींच्या पुतणीकडं ठाण्याला.