कधीच न झालेली कुस्ती

श्रीपती खंचनाळे आणि सतपाल यांची कुस्ती कधी झालीच नाही. दोघांच्या वयात वीसेक वर्षांचं अंतर. तरीही आमच्या उचगावच्या घरी ती दर गणपतीत लागते आणि आरतीनंतरच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालते.

काकांच्या मते निकाल ठरलेला आहे. खंचनाळे आपले, एकसंब्याचे! चिकोडी तालुक्यातला गडी कोल्हापुरात तालीम करतो आणि १९५९ साली पंजाबच्या बंता सिंगला हरवून पहिला हिंदकेसरी होतो, यापुढे काकांना पुरावा लागत नाही. सतपाल दिल्लीचे. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, पुढे सुशीलकुमारचे गुरू. ते माझ्या वाट्याला येतात, कारण लहानपणी वाद घालायला समोर कुणीतरी हवं म्हणून काकांनीच ते मला देऊन टाकले होते.

काका तरुणपणी तालमीत होते. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करून बरे पुढे गेले, मग खांदा निखळला आणि शेती बघायला लागले. एवढंच मला माहीत, तेही आजीकडून. ते स्वतः नेहमी दुसऱ्यांच्याच कुस्त्या सांगतात.

दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीत लॅपटॉप उघडून या वादासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. बुद्धिबळातल्या इलो गुणांकनासारखा. कुणी कुणाला हरवलं ते भरायचं, प्रत्येकाचे गुण निघतात. पण हे गुण मल्लाला त्याच्याच काळातल्या जोडीदारांशी तोलतात. दोन काळ जोडायचे तर साखळी लागते : अ ने ब ला हरवलं, ब ने क ला. त्यातला ब पहिल्या कुस्तीत पंचविशीचा असतो आणि दुसऱ्या कुस्तीत पस्तिशीचा. नाव तेच, माणूस वेगळा!

ही हौस काही माझीच नाही. अमेरिकेत १९६७ साली मरे वोरोनर नावाच्या निर्मात्याने वेगवेगळ्या काळातल्या हेवीवेट बॉक्सरांची माहिती एनसीआर ३१५ या संगणकाला दिली आणि त्यांच्या लढती रेडिओवर लावल्या. संगणकाने महंमद अलीला हरवलं, तेव्हा अलीने थेट दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. पुढे तडजोड झाली आणि १९६९ साली अली व रॉकी मार्सियानो यांना रिंगणात उतरवून चित्रपट काढला गेला. मार्सियानो ४९ लढतींत एकदाही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झालेला. त्याने वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. शेवट वेगवेगळे चित्रित करून ठेवले होते. जानेवारी १९७० मध्ये थिएटरांत लोकांनी तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकताना पाहिला. तो स्वतः मात्र चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच विमान अपघातात गेला होता.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "म्हणजे शिनेमाच की! आणि तुझ्या मशिनात खुराक घातलास काय? माती?"

मातीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्याला दाखला गामांचा. १९१० साली लंडनला गामा आणि पोलंडचा झिबिस्को भिडले. गामांनी त्याला लगेच खाली घेतलं, पण तो पोटावर पडून राहिला तो राहिलाच. दोन तासांहून जास्त वेळ! कुस्ती बरोबरीत सुटली. आजचे नियम असते तर गामा सहा मिनिटांत गुणांवर जिंकले असते. पुढे १९२८ मध्ये पतियाळाला तेच दोघे आपल्या मातीत उतरले, दोघेही पन्नाशीच्या आसपास, आणि झिबिस्को मिनिटाच्या आत चीत झाला. खऱ्याखुऱ्या दोन माणसांच्या दोन कुस्त्यांचे दोन निकाल, तर न झालेल्या कुस्तीचा एकच निकाल कुठून आणायचा?

यंदा वादात पुतणी पडली. ती बेळगावात मॅटवर सराव करते. म्हणाली, "आजोबा, आधी सांगा, माती का मॅट?" मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खलास. मातीतल्या निकाली कुस्तीला घड्याळ नसतं. माझं मत विचाराल तर मॅटवर सतपाल, मातीत खंचनाळे. काकांनी ही वाटणी उडवून लावली. पण पोरीला म्हणाले, "ढाक मारायला शिकवल्यानी काय तुला?"

आणि उठले. अंगणात तिच्यासमोर उभे राहिले. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून डाव्या बाजूने पकड घेऊन दाखवली. मान कशी दाबायची, पाय कुठे अडकवायचा, आणि एकदा अशीच पकड अर्धी सुटली तेव्हा खांद्याचं काय झालं, तेही सांगितलं. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

"मॅटवर याचे चार गुण मिळतात," पुतणी म्हणाली.

"चीत झाल्यावर गुण कसले मोजतीस? पाय माग घे."