काळी पाच ते पांढरी सात

पेटीवर काळी पाच आणि पांढरी सात एकमेकींना खेटून आहेत. बोट सरकवलं की झालं. ट्रॉम्बोनवर खालच्या पट्टीत तेवढ्याच अंतरासाठी पहिल्या पोझिशनवरून थेट सातवीवर जावं लागतं. सूर अर्धा चढतो, हात मात्र खांद्यापासून ताणायचा. पैनगंगेच्या अलीकडं-पलीकडं, तामसीपासून किनवटपर्यंत चाळीस वर्षं वराती वाजवल्या, पण ही एक उडी मला साधली असं छातीठोक सांगता येणार नाही.

त्यात आम्ही वाजवायचं चालता चालता. एकदा सातवीला हात टाकला तो नवरदेवाच्या मामाचा फेटाच उडाला. न्यू ऑर्लिन्सला जुन्या काळी बँड गाडीतून फिरायचा, तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याला मागच्या फळीशी बसवत, म्हणजे स्लाईड मोकळी बाहेर जाई. त्या वाजवण्यालाच पुढं फळीचं नाव पडलं. आमच्या धन्यांना हे कोण सांगणार?

मुंबईत राहुलदेव बर्मन यांच्याकडं ब्लास्को मोन्सोराते ट्रॉम्बोन वाजवायचे. त्यांचं कुणी कौतुक केलं की मी म्हणायचो, "खुर्चीत बसून काय, कुणीही वाजवील." रात्री घरी मात्र दार लावून, खुर्चीत बसूनच त्यांच्यासारखं घोटायला बघायचो. ते काही जमलं नाही.

गेल्या पावसाळ्यात उजवा खांदा आखडला. आता हात सहावीच्या जरासा पुढं जातो नि अडतो. मग ओठ सैल सोडून सूर खाली ओढायचा. म्हैस हंबरल्यासारखा निघतो. परदेशी वाद्यांना अंगठ्याची कळ असते, ती दाबली की पांढरी सात जवळच सापडते. माझी मेरठची साधी नळी. व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन घ्या म्हणतात. तो ट्रॉम्बोन नव्हे, लांबट ट्रम्पेट! आमच्या धंद्यातले बहुतेक तिकडं गेले, आणि मींड विसरले.

इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. उजव्या हाताच्या दुखण्यानं त्याचा पियानो सुटला, नि त्यानं त्याच हातानं ट्रॉम्बोन ओढून पोट भरलं. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या एका 'व्हिएन्नी' बँडात तो असे. पोरं इंग्रजच, पण गणवेश परदेशी, आणि श्रोते जवळ आले की बोलायचंही परदेशी ढंगात! आमच्या लाल कोटावरच्या सोनेरी झालरी आठवतात. आम्ही तरी कुठं पलटणीत होतो?

यंदा लग्नसराईआधी ट्रॉम्बोन बहिणीच्या नातवाला दिला. पोरगं ताडमाड, हात गुडघ्यापर्यंत. पहिल्याच आठवड्यात ती उडी मारून मला विचारतो, "मास्तर, अवघड म्हणत होता ते हेच का?" मी म्हटलं, चालताना बघू. चालतानाही बिनचूक लागली. कुणाचा फेटाही उडाला नाही.

मी आता झांजा घेतल्यात. डीजेच्या भिंतीपुढं त्या कुणाला ऐकू येत नाहीत, पण जिथं डीजे नसतो तिथं पोराची पांढरी सात येणार हे मला एक मात्रा आधी कळतं. नेमक्या त्याच वेळी माझी झांज जरा जोरात पडते.