रात्रीची लाईट

डाळजच्या एका अंगाला उजनीचं पाणी, दुसऱ्या अंगाला पुणे-सोलापूर हमरस्ता. हिवाळ्यात भिगवणकडं रोहित पक्षी बघायला शहरातली माणसं लोटतात. त्याच रस्त्यानं माझा थोरला पुण्याहून परत आला, पुस्तकांची खोकी घेऊन.

११ मार्च २०२१ला स्पर्धा परीक्षेची पोरं पुण्यात रस्त्यावर बसली, त्यात तो होता. तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुढं ढकलली होती. पुढं दहा दिवसांत ती झालीही. याचं मात्र जमलं नाही, नंतरही नाही.

रात्रीची लाईट असली की उसाला दारं धरायला तोच जातो. लोक म्हणतात, पोरगं कष्टाळू. अंधारात कुणी काही विचारत नाही, म्हणून जातो तो. रान आमचं, ऊस त्यानंच राखलेला, तरी ताटात दुसरी भाकरी घेताना हात आखडतो. त्याची आई ते बघते आणि तव्याकडं तोंड फिरवते.

लेकरानं आईबापाजवळ राहणं ही आमच्याकडं कधीच लाजेची गोष्ट नव्हती. दोन खणांत आठ-दहा माणसं राहिली. पण शिकलेल्या पोराला घरी असायला आता कारण द्यावं लागतं. सोयरीक बघायला गेलं, तर पहिला प्रश्न नोकरीचा.

बोलायची सवयही घराला नाही. धरणात गावं गेली, म्हातारी माणसं बुडालेल्या वाड्यांचं अजून सांगतात. नव्या जागेत त्यांना झोप लागायची का, हे कुणी सांगितलं नाही.

मन खचलेल्यांना फोनवर बोलायला ऑक्टोबर २०२२ पासून सरकारचा टेली-मानस आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्यानं तो फोन बांधावर जाऊन लावला. घरात दोन खोल्या. एकीत कुजबुजलं तरी दुसरीत ऐकू येतं. पुढं डॉक्टरलाही दाखवलं. गोळ्या सुरू आहेत.

मी खताची खोली रिकामी करून त्याला दिली. तणनाशकाचे कॅन भावाच्या शेडमध्ये कुलपात ठेवले. बायकोनं विचारलं, का? तिला सरळ सांगितलं. ती रडली, मग स्वतःच चावी मागून घेतली.

पाहुणे अजून विचारतातच, ‘‘काय, निघाली का जाहिरात?’’ मी म्हणतो, ‘‘तो आजारी होता, औषध चालू आहे, आता उतार आहे.’’ असं सांगू का, हे त्याला आधीच विचारलं होतं.

‘‘सांगा की आप्पा,’’ म्हणाला. ‘‘मला सांगायला लागणार नाही.’’