आवाजांची नावं

काकाच्या लग्नात हळद दळताना बायकांनी जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या. बाबांनी त्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवल्या. साठ मिनिटांची कॅसेट, पाच जणींचे आवाज, त्यातली एक माझी आजी. ती कॅसेट मी कॉम्प्युटरवर घेतली. वेव्ह फाइल सहाशे एमबीच्या वर गेली, म्हणून तिची फ्लॅक केली. फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान होते. माझी जवळपास निम्मी झाली. मग एकेका ओवीची वेगळी फाइल केली.

कोणती ओवी कोणाची, हे मला कळेना. आत्याला फोन लावला. दोन रात्री ती ऐकत गेली, सांगत गेली. "ही तुझी आजी. ही आमची चुलती, तिला सर्दी झाली होती बघ." मी ती नावं फोनमधल्या प्लेअरमध्ये भरली. ॲप देखणं होतं, फुकट होतं, फ्लॅक वाजवत होतं. अजून काय बघायचं असतं?

फोन बदलला. फाइल्स आल्या, नावं आली नाहीत. ॲपने ती फाइलमध्ये लिहिलीच नव्हती, स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवली होती. पुन्हा आत्याला विचारलं. तिघींचे आवाज तिने लगेच ओळखले. उरलेल्या दोघी तिला आता एकच वाटतात.

खरं तर नावांसाठी फ्लॅक फाइलमध्येच जागा असते. तिला व्हॉर्बिस कमेंट म्हणतात, आणि तिथे देवनागरी बिनदिक्कत चालते. फ्लॅक 2001 साली आलं. ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि 2024 मध्ये त्याचे सगळे तपशील आरएफसी 9639 म्हणून प्रसिद्ध झाले. आजची सगळी ॲप्स बंद पडली, तरी ते वाचून कुणीही नवा प्लेअर लिहू शकेल. फॉरमॅट खुला होता. प्लेअर निवडताना मी फक्त तो वाजतो का एवढंच पाहिलं.

आता मी आधी एक परीक्षा घेते. एका फाइलला नाव द्यायचं, ॲप काढून टाकायचं, तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडायची. नाव दिसलं तर ॲप ठेवायचं. सध्या नावं कॉम्प्युटरवर किड3 वापरून थेट फाइलमध्ये भरते आणि फोनवर व्हीएलसीत ऐकते. व्हीएलसी उद्या आवडेनासं झालं, तरी नावं कुठे जात नाहीत.

नातेवाइकांना पाठवायला ओपसच्या लहान प्रती केल्या. ओपसही खुलाच फॉरमॅट. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट त्यातच असते. ज्या दोन आवाजांची खात्री नव्हती, त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि फाइल्स डॉक्युमेंट म्हणून धाडल्या.

चौथ्या दिवशी त्या चुलत आजीच्या नातीचा फोन आला. आम्ही फारशा कधी बोललोही नव्हतो.

"ताई, सातव्या ओवीला शेजारच्या काकूंचं नाव पडलंय. ती माझी आजी आहे. कडवं संपताना खाकरते ना, ती सवयच होती तिची."

मी फाइल उघडली. नाव बदललं, प्रश्नचिन्ह काढलं आणि पुन्हा सगळ्यांना पाठवली.