एडब्ल्यूपीचं ओझं

काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये हातात कोणती बंदूक आहे त्यावर पायांचा वेगही ठरतो, हे मला फार उशिरा कळलं. चाकू हातात असेल तर खेळाडू सेकंदाला २५० युनिट पळतो. एके-४७ घेतली की २१५, एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल घेतली की २००, आणि स्कोप लावला की जेमतेम १००. चाकू घेऊन १० सेकंदांत कापलेल्या अंतराला एडब्ल्यूपी घेऊन साडेबारा सेकंद लागतात. मी फक्त गोळीची ताकद बघत राहिलो.

आमच्या टीममधली काही पोरं भोरची, काही वेल्ह्याची. एडब्ल्यूपी माझी, हे मीच ठरवून टाकलं होतं. पाय सोडून कुठेही गोळी लागली की समोरचा संपतो, मग आणखी काय हवं? डस्ट २ या नकाशावर हल्ला करताना बाकीचे बोगद्यातून बी साइटवर, म्हणजे बॉम्ब ठेवायच्या जागेवर, घुसायचे आणि मी मागून पोचेपर्यंत दोघं पडलेले असायचे. गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेने राजगड चढताना जड सॅकवाल्यासाठी सगळे थांबतात. अशा एकदम घुसण्याच्या रशमध्ये मात्र थांबलं की समोरच्यांना मदत येऊन पोचते.

याहून मोठी चूक वागण्यातली होती. तोरण्याच्या पायथ्याला राहणाऱ्या मित्राचं नेट मधूनच अडकायचं. हरलो की मी त्याला म्हणायचो, "तुझ्या लॅगमुळे गेली मॅच." पुढे एका मॅचचं रेकॉर्डिंग पाहिलं. तो साइटवर वेळेत पोचला होता, एकाला मारलंही होतं, आणि मी अजून बोगद्यातच होतो. त्याची माफी मागितली. माझं ते बोलणं आजही मनाला लागतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. वेग हवा म्हणून हल्ल्याच्या प्रत्येक राउंडला मॅक-१० ही सबमशीन गन. तिला २४० चा वेग मिळतो, पळताना जवळून मारा करायला ती उत्तम. पण डस्ट २ च्या 'लाँग' या लांबलचक वाटेवर दुरून एके समोर आली की काही चालत नाही. एके घेतली तर पळतापळताच गोळ्या झाडायचो आणि त्या भलतीकडेच जायच्या. रायफलने मारायचं तर आधी उलट दिशेचं बटण दाबून क्षणभर थांबावं लागतं. ती सवय लागायला वेळ गेला.

आता बी रशला १०५० डॉलरची मॅक-१० घेतो. लांबचा नेमही हवा आणि टीमबरोबर पळायचंही असेल, तर १७०० डॉलरची एसएसजी ०८ ही हलकी स्नायपर. तिचा वेग २३० आहे. ४७५० ची एडब्ल्यूपी बहुतेक वेळा बचावाच्या बाजूने, जागा धरून बसायचं असेल तेव्हाच.

तुमच्या टीममध्ये एडब्ल्यूपी तुमच्याकडे असेल, तर ती घेण्याआधी बाकीचे कुठे निघालेत ते विचारा. आणि गावाकडच्या मित्राला त्याच्या नेटवरून बोल लावण्याआधी त्या राउंडचं रेकॉर्डिंग एकदा नक्की पाहा.