पाणमांजराच्या वाट्याचा मासा

कोल्ह्याच्या तोंडात मासा कुठून आला, या एका प्रश्नापाशी मी गेले काही महिने अडकून पडले आहे.

गोष्ट चंद्रावरच्या सशाची. भुकेल्या म्हाताऱ्याला द्यायला जवळ काहीच नाही म्हणून ससा विस्तवात उडी घेतो आणि म्हाताऱ्याच्या वेषातला इंद्र त्याला चंद्रावर नेऊन ठेवतो. लहानपणी कोजागिरीला गच्चीवर ऐकलेली ही गोष्ट मला पुन्हा भेटली ती 'कोन्जाकु मोनोगातारीशू' या जपानी कथासंग्रहात. बाराव्या शतकाच्या आरंभी केव्हातरी जमवलेल्या हजाराहून अधिक कथा, ३१ खंड. त्यांतले ८, १८ आणि २१ हे खंड आज नाहीतच, आणि कथा जमवणाऱ्याचं नावही नाही. पहिले पाच खंड तेन्जिकुचे, म्हणजे भारताचे, पुढचे पाच चीनचे, उरलेले जपानचे. वाचता वाचता मधेच एखाद्या माणसाच्या किंवा गावाच्या नावासाठी कोरी जागा सोडलेली दिसते. कळलं की भरू म्हणून सोडलेली, आणि मग कायमची कोरी राहिलेली. त्या कोऱ्या जागांवर माझा फार जीव आहे. माहीत नाही तिथे काहीतरी ठोकून न देणारा हा माणूस मला गुरूच्या जागी आहे.

ससा पाचव्या खंडात, तेराव्या कथेत भेटतो. सोबत कोल्हा आणि माकड. माकड झाडावर चढून चेस्टनट, पर्सिमॉन, नाशपाती, बोरं काढून आणतं. गावात शिरून वांगी, सोयाबीन, चवळी, राळे आणतं. कोल्हा थडग्यांकडे जातो आणि लोकांनी तिथे ठेवलेला नैवेद्य उचलून आणतो. त्या नैवेद्यात तांदळाच्या पिठाचे गोळे आहेत, समुद्रातले मोठे शिंपले आहेत आणि कात्सुओ आहे. कात्सुओ म्हणजे आपल्या कुप्याच्या जातीचा मासा. तेन्जिकुच्या रानातल्या कोल्ह्यापाशी खोल दर्यातला मासा!

ही यादी माझी पाठ झाली आहे. भारत कधी न पाहिलेला माणूस भारतातली गोष्ट सांगायला बसला आणि वाढायची वेळ आली तेव्हा त्यानं स्वतःच्या घरातले डबे उघडले. सशाच्या त्यागापेक्षाही मला हे जास्त हलवून जातं. ससा बिचारा कान उभारून, पाठीला पोक काढून, मोठाले डोळे करून चारी दिशा हिंडतो आणि रिकाम्या हातानं परततो, तेही या भरल्या यादीशेजारी ठेवलं म्हणूनच इतकं लागतं.

मासा कुठून आला ते शोधत मी मागे गेले. ह्युएनत्संग भारतातून ६४५ मध्ये मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी त्याचं प्रवासवर्णन पुरं झालं. त्या पुस्तकात मराठी माणूस आधी 'मो-हो-ला-चा'चं, म्हणजे महाराष्ट्राचं पान काढतो. मीही तेच केलं होतं. या वेळी वाराणसीचं काढलं. तिथे तीन प्राण्यांचा स्तूप आहे. ससा, कोल्हा, माकड. कोल्ह्यानं पाण्याच्या काठानं जाऊन ताजा कार्प मासा आणलाय. म्हणजे जपानी कोल्ह्याचा मासा चिनी पुस्तकातून आला, वाटेत त्याची जात तेवढी बदलली.

आणखी मागे, पाली जातकात गेले, आणि तिथे प्राणी चार निघाले. ससा, माकड, कोल्हा आणि पाणमांजर. माकड आंबे आणतं. कोल्ह्याला राखणदाराच्या खोपीत मांस, एक घोरपड आणि दह्याचं मडकं मिळतं. मासे पाणमांजराचे आहेत. कुणा कोळ्यानं सात तांबडे मासे पकडून, वेलीत ओवून वाळूत पुरून ठेवलेत. पाणमांजराला वास लागतो, ते वाळू उकरतं, 'हे कुणाचे?' म्हणून तीनदा हाक देतं आणि कुणी ओ देत नाही तेव्हा घेऊन जातं. पालीत या माशांना रोहित म्हटलंय. आपला रोहू तो हाच असावा, आणि रोहू हा कार्पाच्याच कुळातला.

म्हणजे गोष्ट हिमालय ओलांडून गेली, मासा गेला, पण ज्याचा मासा तो प्राणी वाटेत कुठेतरी गळला. त्याचा वाटा कोल्ह्याकडे आला.

अशा वेळी आपल्याकडे लगेच म्हणतात, बघा, सगळं इथूनच गेलं. मला ते आवडत नाही. चांगशाजवळ मावांगतुई इथे १९७२ साली एक थडगं उघडलं, इसवी सनापूर्वी १६८च्या सुमाराचं. त्यातल्या रेशमी पताकेवर चंद्रकोर आहे आणि तिच्यावर बेडूक आणि ससा आहेत. बौद्ध कथा चीनला पोचायच्या आधीपासून त्यांच्या चंद्रावर ससा होताच. आपला ससा तिथे पोचला तेव्हा बसायची जागा तयार होती. दोन ठिकाणी माणसांनी मान वर केली आणि त्याच डागांत तेच लांब कान पाहिले, हे मला कुठल्याही उगमापेक्षा मोठं वाटतं.

पण माझं मन पाणमांजरात अडकलं ते मामामुळे. आजोळ सिंधुदुर्गातलं, घराच्या मागून पायवाट उतरली की खाडी. मी नऊ वर्षांची असेन. मामा पहाटे पाग घेऊन निघायचा आणि सुट्टीत मला सोबत न्यायचा, बोलायचं नाही या अटीवर. पाग फेकताना तो एक टोक दातांत धरायचा. जाळं हवेत उघडायचं, गोल, आणि पाण्यावर पडताना तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज यायचा. त्या दिवशी बोयरी मिळाली होती आणि दोन तांबोशी. मामानं माडाचा हीर कल्ल्यांतून काढून मासे ओवले, हीर तिवराच्या मुळाला बांधला आणि मासे पाण्यात सोडून दिले, ताजे राहावेत म्हणून. मग आम्ही वळणापलीकडे गेलो.

परत आलो तर हीर तुटलेला. मला रडूच आलं. मामानं माझ्या खांद्यावर हात दाबला. ओल्या जाळ्याचा आणि विडीचा वास होता त्या हाताला. "गप रव," एवढंच म्हणाला. समोर, ओहोटीनं उघड्या पडलेल्या कातळावर तीन पाणमांजरं होती. मामा त्यांना ऊद म्हणायचा. एकानं आमची तांबोशी पुढच्या दोन पायांत उभी धरली होती आणि डोक्याकडून खात होतं; हाड मोडल्याचा आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत येत होता. अंग असं चकचकीत की आत्ताच तेल चोपडलंय. मधूनच एक शीळ घाली, दुसरं उत्तर देई. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिन्ही एकदम पाण्यात उतरली, आवाज न करता, नुसती एक रेघ लांब जाताना दिसली.

मामानं मला कातळावर नेलं. खवले विखुरलेले, त्यांत ऊन चमकत होतं, आणि बोयरींची अर्धी खाल्लेली धडं शेजारी शेजारी पडलेली, जणू कुणी हातानं मांडून ठेवली. मी म्हटलं, आपले मासे नेले त्यांनी. मामा म्हणाला, "खाडी तेंचीच." रिकाम्या हातानं घरी आलो. आजीनं काही विचारलं नाही, कुळथाची पिठी टाकली.

चाळीस वर्षांनी ती मांडलेली धडं मला चिनी पंचांगात सापडली. जुन्या चीनमध्ये वर्षाचे पाच-पाच दिवसांचे बहात्तर भाग करत आणि प्रत्येकाला त्या दिवसांत रानात, पाण्यात जे घडतं त्याचं नाव देत. फेब्रुवारीच्या उत्तरार्धातल्या एका भागाचं नाव आहे, पाणमांजर माशांचा नैवेद्य मांडतं. बर्फ वितळलं की पाणमांजर मासे धरून काठावर ओळीनं ठेवतं, ते पूर्वजांना अर्पण करतं अशी समजूत. नवव्या शतकातला कवी ली शांगयिन लिहिताना भोवती पुस्तकं पसरून बसे, म्हणून त्याला लोकांनी हेच नाव दिलं. आणि हजार वर्षांनी जपानमध्ये हायकूकार मासाओका शिकी यानं ते आपणहून घेतलं. पुस्तकांचा असा नैवेद्य मांडलेल्या घराचा धनी म्हणून तो सही करी. १९ सप्टेंबर १९०२ला तो गेला. त्याच्या स्मरणाच्या दिवसाला आजही पाणमांजराचं नाव आहे.

माझ्या दिवाणावर आत्ता तीन कोश आहेत, जातकांचा एक खंड, ह्युएनत्संग, उशीपाशी दोन वह्या. जेवणं आटोपल्यावर मी ही मांडते आणि झोपताना उचलते. या कामाला मला इतकी वर्षं नाव नव्हतं.

जपाननं १६८५ साली स्वतःचं पंचांग केलं. शिबुकावा हारुमीनं त्या बहात्तर नावांतली बरीचशी आपल्या हवेप्रमाणे बदलली, आणि पाणमांजराच्या पाच दिवसांना माती ओलावू लागल्याचं नाव आलं. सुंदर नाव आहे, तरी मी ते वाचून पुस्तक मिटलं. जपानी नदीतलं पाणमांजर शेवटचं खात्रीनं दिसलं ते १९७९ साली, शिकोकु बेटावर सुसाकीच्या नदीत. २०१२ साली सरकारनं ते नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

त्या रात्री मी 'कोन्जाकु'चा मूळ जपानी पाठ पुन्हा काढला. मला तो सलग वाचता येत नाही, कोशाच्या आधारानं एकेक अक्षर सुटतं. कोल्ह्याच्या नैवेद्यापाशी आले. शिंपल्याचं अक्षर आणि त्याच्याखाली कात्सुओचं. चिनी अक्षरांत पाण्यातल्या जिवाच्या डाव्या अंगाला 'मासा' लिहितात; चार बारीक ठिपक्यांची शेपटी असते त्याला. दोन्ही अक्षरांत तो आहे. मासा, त्याच्याखाली मासा, उभ्या ओळीत, नीट मांडून ठेवलेले.