पौषातली दुपार

वाईत राहून वीस वर्षं मी कृष्णेचा घाट फोटोवरून रंगवला, हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे. घरापासून घाट चालत सात मिनिटांवर. पण हिवाळा लागला की माझ्या डोक्यात एकच गोष्ट असायची, ती म्हणजे प्रदर्शन. थंडीत मुंबईतली दालनं गजबजतात, माणसं चित्रं बघायला बाहेर पडतात. त्यामुळे दिवाळी झाली की माझा मुक्काम वरच्या खोलीत. खिडक्या बंद, ट्यूबलाइट चालू, समोर लॅपटॉपवर फोटो आणि हाताशी हेअर ड्रायर. ड्रायर कशाला, ते जलरंगवाल्यांना सांगायला नको. एक वॉश सुकेपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता?

खाली घर चाललेलं असायचं. डिंकाचे लाडू, चंपाषष्ठीचं भरीत, भोगीची भाजी, कुणाच्या तरी शेतावर हुरडा. जिन्यातून हाक यायची, मी ‘आले’ म्हणायचे आणि जायची नाही. खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा रागच होता. बाई चित्रकार असली की तिचा वेळ सार्वजनिक नळासारखा असतो, कुणीही यावं आणि भरून न्यावा. तो राग खोटा नव्हता, आजही नाही. पण त्या रागाच्या आडोशाने मी एक सिद्धान्तच रचला होता, की हुरडा खाणारी माणसं वेगळी आणि चित्रं करणारी वेगळी. शिकवणीला येणाऱ्या मुलींपैकी एखादीने उन्हात बसून केलेलं मांजराचं किंवा चहाच्या कपाचं चित्र दाखवलं की मी म्हणायचे, “छान. आता काम कधी करणार?”

या सिद्धान्ताला पहिला तडा दिला फ्रेमवाल्याने.

‘पौषातली दुपार’ हे माझं त्या वर्षीचं सगळ्यात मोठं चित्र, २२ बाय ३० इंचांचा अख्खा कागद. एक चिंच, मागे चुन्याची भिंत आणि झाडाखाली बसलेली म्हातारी. थंडी जाणवावी म्हणून कोबाल्ट ब्लू सढळ हाताने वापरलेला. फ्रेमवाला माउंट कापता कापता थांबला.

“ताई, दुपारचं आहे का हे?”

“हो.”

“पौषातलं?”

“खाली लिहिलंय की.”

“मग सावली झाडाच्या बुडातच कशी? आमच्याकडं थंडीत बाराला पण सावली पार परड्यापर्यंत जाती. आणि म्हातारी सावलीत कशाला बसंल? पौषात म्हातारं माणूस उन्हाला बसतं.”

त्याचं बरोबर होतं. वाईचा अक्षांश अठराच्या आसपास. मेच्या मध्यावर सूर्य इथे भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. डिसेंबरअखेर तोच सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आतच राहतो, दक्षिणेला कललेला, आणि झाडाची सावली उत्तरेकडे जवळजवळ झाडाच्या उंचीइतकी लांब पडते. माझा फोटो मे महिन्यातला होता. त्याच्यावर निळा रंग ओतून मी पौष केला होता, आणि तोही बाहेर खराखुरा पौष चालू असताना, खिडकी लावून घेऊन.

“कलाकाराला तेवढं स्वातंत्र्य असतं,” मी म्हणाले. “असंल की,” म्हणून तो पुढे कापायला लागला. चित्र तसंच प्रदर्शनात लागलं.

पुढच्या हिवाळ्यात काम सुचेना. ब्रश हातात घेतला की आधी ती सावली दिसायची. त्यातच नणंदेच्या नातवाचं बोरन्हाण ठरलं आणि हलव्याचे दागिने घरीच करायचे, असं सासूबाईंनी जाहीर केलं. त्यांचं वय ब्याऐंशी, चमचा धरला की हात थरथरतो. “पाक तू घाल, हलवायचं मी बघते,” म्हणाल्या. मी बसले. मोठ्या मनाने नाही, वर जायला तोंड नव्हतं म्हणून.

हलवा कसा होतो, ते मी वीस वर्षं त्याच घरात राहून पाहिलं नव्हतं. मंद शेगडीवर परात, परातीत भाजलेले तीळ. त्यावर एक चमचा पाक, जास्त नाही. मग बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं, तो चमचाभर पाक दाण्यादाण्यावर सुकेपर्यंत. सुकला की पुढचा चमचा. असं दोन-तीन तास, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरट दिसतात. माझा धीर सुटला. “आई, आच वाढवू का?” त्यांनी मान वर न करता सांगितलं, “वाढव. मग काटे शोधत बस.” तिसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून पाहिलं, तर एकेका तिळावर बारीक काटा उभा होता.

मी आयुष्यभर हेच करत आले होते आणि वाईट करत आले होते. पारदर्शक रंगाचा एक पातळ थर, तो पुरता सुकल्यावर दुसरा. खालचा थर अर्धवट ओला असताना वरून पाणी पडलं की कागदावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. म्हणून तर तो ड्रायर. पण ड्रायरने थर लवकर सुकतो आणि आपण समोरची वस्तू त्या वेळात बघायची, ते राहून जातं.

शेगडीपलीकडे लाडवांसाठी आणलेला धावड्याचा डिंक होता. जलरंगात रंगाची पूड कागदाला धरून ठेवतो तोही डिंकच, बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा. वर्गात मी त्याला ‘गम अरेबिक’ म्हणत होते, जसा काही तो परदेशात स्थायिक झालेला नातेवाईक.

आणि हळदणकर! सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’, हातात समई घेतलेली स्त्री, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं. पुष्कळ जण ते अजून राजा रविवर्म्याचं समजतात. बोटांतून झिरपणारा तो उजेड जलरंगात कसा साधला, यावर मी तास-तासभर बोलले आहे. समोर उभी होती ती त्यांची मुलगी गीता, घरचीच, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ मी कधी लावून पाहिला नव्हता.

आता थंडीत सकाळी साडेसातला मी घाटावर असते. पाण्यावरून धुकं उठत असतं. पहिला वॉश सुकायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. तेवढ्यात थर्मासमधला चहा होतो, ऊन एक पायरी खाली सरकतं, आणि काळ्या दगडावरची सावली काळी नसून जांभळट आहे, हे दिसतं. फोटोत ती नुसती काळी येते. कागद छोटा, हातावर मावेल एवढा. दहा चित्रांतली सात फसतात.

सगळं गोड झालं असं नाही. छोट्या चित्रांना छोटे पैसे मिळतात आणि मागच्या वर्षी प्रदर्शन झालंच नाही. भोगीला मी आता खाली जेवायला असते, पण भाजी निवडायला घरातले पुरुषही बसतात. ही अट माझी, आणि ती मागे घेणार नाही. ड्रायर भाचीला दिला, केसांसाठी.

राहता राहिलं ‘पौषातली दुपार’. ते प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी विकलं गेलं. सावलीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, पैसे घेतले. ते ज्यांच्या भिंतीवर आहे त्यांच्या वाचनात हे आलं, तर कृपया कळवावं. तेच झाड मी यंदा पौषात, जागेवर बसून पुन्हा केलं आहे. म्हातारी उन्हात आहे. बदलून देईन, वरचे पैसे नकोत.